खिडकी असलेली एक खोली

स्कॉटलंडमधल्या एका कोळसा खाणकामगाराच्या घरात दीडशे वर्षांपूर्वी कोण कोण राहत होतं, हे मला माझ्या चुलत सासऱ्यांच्या घरात आज कोण राहतं यापेक्षा जास्त नक्की माहीत आहे. हा माझा अभ्यासाचा विषय नव्हे, आणि हौसही नव्हे. साहेबांनी सांगितलं म्हणून सुरुवात केली, आणि मग सोडवेना.

आमचं वर्कशॉप बहारीनमध्ये अस्करला, अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या कारखान्याच्या शेजारी. तिथल्या क्रेनचे आणि मालवाहू पट्ट्यांचे मोडके भाग आमच्याकडे येतात, दुरुस्त होऊन परत जातात. हिशेब मी बघते, बाकी सगळं साहेब बघतात. ते स्कॉटिश. साठी ओलांडलेले, बायको वारलेली, मूल नाही. गोरे साहेब लोक सहसा कुंपणाआडच्या, पोहण्याचा तलाव असलेल्या वसाहतींत राहतात. हे हमद टाउनमध्ये एका राउंडअबाउटपाशी राहतात. खाली न्हाव्याचं दुकान, वर भाड्याचे फ्लॅट. कारण विचारलं तर म्हणतात, "स्वस्त आहे, आणि शेजारी मला जेवायला बोलवत नाहीत."

त्यांची एक बहीण आहे, त्यांच्याहून बरीच मोठी. पूर्वी जिथे खाण होती आणि आता नुसतं गवत आहे, अशा गावात ती एकटी राहते. त्या गावच्या दफनभूमीत कुटुंबाची एक जागा आहे. खाणीत राबणाऱ्या खापरपणजोबांनी ती कधीतरी विकत घेतली, आणि तेव्हापासून घरातली माणसं त्या एकाच जागेत एकावर एक निजत आली. वर दगड मात्र कोणी बसवला नाही. दगड महाग असतो, आणि माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांना दुसऱ्या दिवशी जेवायचं असतं. आता बहिणीच्या फुप्फुसांनी दगा द्यायला सुरुवात केली होती आणि तिला दगडाची घाई झाली होती. व्हिडिओ कॉलवर ती जे बोलली ते मी शेजारच्या टेबलावर बसून ऐकलं, कारण साहेबांना फोनचा आवाज कमी करता येत नाही.

"माझ्यावर माती पडायच्या आत वर दगड पाहिजे, पोरा. आणि खाली जेवढे आहेत तेवढ्यांची नावं त्यावर पाहिजेत. एकही गाळायचं नाही."

"एवढी नावं मावली पाहिजेत ना दगडावर," साहेब म्हणाले.

"मग मोठा दगड घे. तुझ्या बापानं आयुष्यभर तुझ्यावर खर्च केला तेव्हा मावतं का विचारलं नाही."

दफनभूमीच्या जुन्या वह्या ओल येऊन खराब झालेल्या. त्यामुळे जुन्यातल्या जुन्या माणसांची नावं खानेसुमारीच्या कागदांतून काढायची, असं ठरलं. ते कागद आता घरबसल्या पडद्यावर दिसतात. अक्षर मात्र त्या काळातलंच राहतं. साहेबांना ते वाचवेना. मी वीस वर्षं फिटर लोकांच्या हातची व्हाउचरं वाचत आले आहे, तेव्हा काम माझ्याकडे आलं. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मी स्कॉटलंडच्या खाणीत उतरू लागले.

जनगणनेपेक्षा मला खानेसुमारी हा आपला जुना शब्द आवडतो. त्यात जनता नाही, राष्ट्र नाही. घरं मोजायची, एवढंच. राणीच्या राज्यात दर दहा वर्षांनी एका ठरलेल्या रात्री कोण कुठल्या छपराखाली निजलं होतं ते लिहून घ्यायचे. एक माणूस दारोदार फिरायचा आणि मग सगळं एका वहीत उतरवून काढायचा. साहेबांचं घर मला खाणीच्या चाळीत सापडलं. तिथल्या भाषेत त्याला वेगळं नाव आहे, पण एकाला एक लागून खोल्या, मालक खाणीचा, नोकरी गेली की खोली गेली, याला आपल्याकडे चाळच म्हणतात. बाप, वय एकोणतीस, कोळसा खाणकामगार. बायको. पाच वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा, एक वर्षाचं तान्हं. भाड्यानं राहणारे दोघे, तेही खाणीतलेच. आणि एक म्हातारी, जिचं आडनाव निराळं.

शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: खिडकी असलेल्या खोल्या, एक.

सरकारला माणसांच्या खोल्या मोजताना खिडकी विचारावीशी वाटली, याचं मला कौतुक वाटलं. खिडकी नसलेली खोली ते मोजतच नव्हते. आम्ही राहतो त्या जिदहफ्सच्या इमारतीत हा नियम लावला तर तळमजल्यावरची निम्मी माणसं बेघर ठरतील. तिथल्या एका खोलीत आमच्या कोकणातले सहाजण पाळीपाळीनं झोपतात. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच गादीवर. तरी ती मंडळी गावाकडे फोनवर "प्रशस्त आहे" म्हणूनच सांगतात. खाणकामगारानंही आपल्या बहिणीला तसंच कळवलं असेल, लिहिता येत असतं तर.

म्हातारीबद्दल मी साहेबांना सांगितलं, "भाडेकरू दोन नाहीत, तीन आहेत. एक बाई आहे, सत्तरीची. हिला आपण सोडून देऊ, ही तुमच्या घरातली नाही."

साहेबांनी पडद्यावर वाकून पाहिलं आणि हसले. "मॅडम, ती त्याची आई आहे."

"आडनाव वेगळं आहे."

"माहेरचं आहे. आमच्याकडच्या बायका लग्नानं आडनाव घेतात ते उसनं. नवरा मेला की पुष्कळजणी परत करतात. माझ्या आईच्या मरणाच्या दाखल्यावर तिच्या बापाचं आडनाव आधी लिहिलेलं होतं."

लग्नात माझं आडनाव तर गेलंच, पण ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं त्यात एक नवीन नावही लिहिलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला ते नाव आवडलं नाही, आणि सुदैवानं सासरच्यांनाही ते लक्षात राहिलं नाही. म्हातारीला मी यादीत परत घेतलं.

मग पुढच्या दहा वर्षांनंतरचा कागद काढला. तीच चाळ, तेच घर, खिडकी एकच. बाप एकोणचाळीस. बायको दहा वर्षांत सात वर्षांनीच मोठी झालेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलगी पंधरा वर्षांची, खाणीच्या तोंडाशी कोळसा निवडते. म्हातारी नव्हती. तान्हं होतं ते अकरा वर्षांचं झालं होतं, आणि तेही खाणीत. नवीन दोन मुलं. आणि थोरला मुलगा, नाव तेच, जे आधी होतं. वय मात्र आठ.

दहा वर्षांपूर्वी तीन वर्षांचा असलेला मुलगा आता आठ वर्षांचा कसा? तेरा हवा. मी हिशेबनीस आहे. दोन कागद जुळले नाहीत की मी उतरवून घेणाऱ्याला धरते, आणि बहुतेक वेळा तोच सापडतो. इंग्रजी तेराचे दोन आकडे घाईत जवळजवळ काढले की आठ दिसतो. मी स्वतः अशी बिलं परत पाठवलेली आहेत.

"कारकुनाची चूक आहे," मी साहेबांना सांगितलं. "मुलगा एकच. वय चुकलंय."

साहेबांनी ती ओळ पाहिली. म्हातारीच्या वेळी हसले होते तसे हसले नाहीत.

"असेल," म्हणाले. "तुला आकड्यातलं जास्त कळतं."

मी नावं टंकून काढली आणि साहेबांच्या वतीनं बहिणीला पाठवली. पुढची माणसं, म्हणजे पणजोबांपासून आईबापांपर्यंतची, साहेबांनीच सांगितली होती. मला वाटलं काम खलास झालं.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. "यात माणसं कमी आहेत," बहीण म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण धार होती. "जुनी मला माहीत नाहीत, पण एक मला चांगलं माहीत आहे आणि तुलाही आहे."

"त्यावर नंतर बोलू."

"नंतर कधी? मला वेळ आहे असं तुला कोणी सांगितलं? पणजोबांपासून खाली सहाजण आहेत, यादीत पाच. तुझ्या हिशेबवाल्या बाईला विचार, सहा वजा पाच किती होतात."

साहेबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता बाहेर जाऊन एका वेल्डरला कारण नसताना झापलं. मी विचारलं नाही. साहेब आणि बहीण यांच्यामध्ये एक नाव अडकलंय, ते दगडावर जावं असं तिला वाटतं आणि जाऊ नये असं यांना वाटतं, एवढं कळलं होतं. अनौरस मूल असेल, किंवा कोणी तुरुंगात गेलेला काका. प्रत्येक घरात असतो एक. आमच्याकडे तर त्याच्याच नावानं ट्रस्ट निघतो.

त्याच महिन्यात साहेबांवर आणखी एक संकट आलं. बहारीनमधल्या स्कॉटिश लोकांचं एक मंडळ आहे आणि त्याचं अध्यक्षपद आळीपाळीनं फिरतं. यंदा पाळी साहेबांची. वार्षिक जेवणात घागरेवजा तो पोशाख घालून भाषण करायचं, आणि भाषणात आपल्या घराण्याबद्दल बोलायचं, असा रिवाज. मला हे नवीन नव्हतं. आमच्याही मंडळात वर्षातून एकदा फेटे बांधले जातात. तिथे प्रत्येकाचा कोणी ना कोणी पूर्वज महाराजांच्या सैन्यात होता. लढाईतून पळून आलेला एकही नाही. इतकी शूर माणसं असताना मधल्या काळात राज्य कसं गेलं, हे मला कळलेलं नाही.

साहेबांच्या भाषणाचा मसुदा मीच टंकला. त्यात डोंगर होते, तलवारी होत्या, आणि ज्याच्याशी त्यांचा काही संबंध नाही असा एक किल्ला होता.

"चाळ कुठे आहे?" मी विचारलं.

"चाळीला कोणी टाळ्या वाजवत नाही," साहेब म्हणाले.

जेवणाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, मी संध्याकाळी आमटी वाढता वाढता नवऱ्याला ही सगळी हकीकत सांगत होते. माझा नवरा रत्नागिरीकडचा. वीज केंद्रात इंजिनिअर आहे, आणि जेवताना ऐकतो की नाही हे समजायला मार्ग नसतो. कारकुनानं तेराचा आठ केला हे सांगितलं तेव्हा त्यानं भाकरी मोडायची थांबवली.

"पयला गेला असेल," तो म्हणाला.

"कोण पहिला?"

"तीन वर्षांचा होता तो. तो गेला. मग दुसरा झाला, त्याला त्याचंच नाव ठेवलं."

"काहीतरीच काय अहो. गेलेल्या मुलाचं नाव कोणी ठेवतं का?"

"आपण नाही ठेवत." त्यानं उजव्या नाकपुडीला बोट लावलं. "माझ्या नाकाला भोक कशाला पाडलंय गो?"

ते मला लग्नापासून माहीत आहे. त्याच्या आधीचे दोन भाऊ लहानपणीच गेले. तिसरा झाला तेव्हा सासूबाईंनी त्याचं नाक टोचलं आणि त्याला दगडाचं नाव दिलं, म्हणजे मरण आलं तरी मुलगी समजून, नाहीतर दगड समजून पुढे जाईल. ऑफिसच्या कार्डावर त्याचं चांगलं देवाचं नाव आहे, पण गावी आजही सगळे त्याला त्या दगडावरूनच हाक मारतात. त्या दोन भावांची नावं मात्र मी कधी ऐकलेली नाहीत. विचारली तेव्हा सासूबाई उठून विहिरीवर गेल्या. ती नावं घरात बंद झाली. चुलतभावंडांत, शेजाऱ्यांत, कोणालाच ती परत दिली गेली नाहीत. मी पुण्याची, चार पुस्तकं वाचलेली, अशा गोष्टींवर विश्वास नसलेली. तरी गेलेल्या मुलाचं नाव दुसऱ्याला देतील हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. माझ्यालेखी ते अशक्य होतं, म्हणून चूक कारकुनाची होती.

आमची मुलगी समोर बसून हे ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं आणि ती उत्तर इंग्रजीत देते. तिनं माझा लॅपटॉप ओढला आणि म्हणाली की त्या देशात मृत्यूच्या नोंदी पण असतील की, बघितल्यास का? मी बघितल्या नव्हत्या. आम्ही बघितल्या. फार शोधावं लागलं नाही. पहिल्या खानेसुमारीनंतरच्याच वर्षातली नोंद: खाणकामगाराचा मुलगा, वय चार, घशाचा रोग. खबर देणारा बाप. सहीच्या जागी फुली, आणि बाजूला दुसऱ्याच्या अक्षरात, "त्याची खूण".

दुसरा कागद परत उघडला. आठ वर्षांच्या मुलापुढे कामाच्या रकान्यात "शाळेत जातो" असं लिहिलेलं होतं. त्याचा अकरा वर्षांचा भाऊ खाणीत होता. तेराचा असता तर हा शाळेत कशाला राहिला असता? हे उत्तर पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर होतं. मी फक्त आकडे जुळवत होते.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं साहेबांच्या मंडळाच्या जेवणाला मनामातल्या एका हॉटेलात गेलो. बहारीनमधली नोव्हेंबरची दुपार, बाहेर अजून घाम येत होता. आत लोकरीचे पोशाख. पिशवीवाला बाजा वाजवणारा माणूस पंजाबी निघाला आणि फार चांगलं वाजवत होता. मेंढीच्या आतड्याकाळजाचा त्यांचा पदार्थ एका तबकात ठेवून बाज्याच्या मागून सभागृहभर मिरवला गेला आणि सगळे त्याच्यासाठी उभे राहिले. नवरा माझ्या कानात म्हणाला, "आपल्याकडे निदान मूर्तीची मिरवणूक काढतात, हे जेवणाचीच काढतात." साहेबांनी भाषण केलं. डोंगर, तलवारी, किल्ला, सगळं आलं. टाळ्या पडल्या. साहेबांचा चेहरा मात्र बिल मंजूर न झालेल्या ठेकेदारासारखा होता.

इथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची, मी हे काम रविवारी ऑफिसात करायला हवं होतं. पण रात्रभर ती फुली डोळ्यांसमोर होती. साहेब पार्किंगमध्ये गाडीपाशी गळ्यातलं बटण सोडत उभे होते, तिथे मी त्यांना फोनवर ती नोंद दाखवली.

"माझी चूक झाली होती. मुलं दोन होती," मी म्हणाले. "तीन वर्षांचा होता तो चवथ्या वर्षी गेला. यादीत त्याचं नाव घालायचं राहिलंय."

त्यांनी फोन हातात घेतला नाही. "ठाऊक आहे मला."

"केव्हापासून?"

"तू आठ म्हणालीस तेव्हापासून. आमच्याकडचं कुठलंही पोर सांगेल. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव. नाव आजोबांचं असतं, मुलानं ते फक्त उचलायचं. त्यानं खाली ठेवलं तर पुढच्यानं उचलायचं. ते पडून राहू देत नाहीत."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? म्हातारीच्या वेळी तर लगेच हसलात."

साहेब गाडीच्या टपावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. गुडघ्यापर्यंत मोजे, कमरेला ती केसाळ पिशवी, आणि कपाळावर घाम. एरवी मी हसले असते.

"कारण मीही दुसराच आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. घरात शेगडीवरच्या फळीवर एक फोटो होता. एक बाळ, आणि खाली यांचं नाव. हे त्याला आपलाच फोटो समजत होते. शाळेत जायला लागल्यावर एकदा बहिणीशी भांडण झालं तेव्हा ती म्हणाली, "तो तू नाहीस. तो चांगला होता. तो रडत नव्हता." पणजोबांचं नाव दिलेला तो पहिला भाऊ दोन वर्षांचा होऊन गेला होता आणि त्याच जागेत पुरला होता. बहिणीला तो आठवत होता, त्याला तिनं कडेवर घेतलं होतं. या धाकट्याला तिनं जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. पोरा, म्हणते. नाव तिच्यालेखी दुसऱ्याचं होतं.

"तेव्हापासून मला माहीत आहे की त्या गवताखाली माझं नाव आहे," साहेब म्हणाले. "वर लिहिलेलं नव्हतं, तोवर चालून जात होतं. दगड बसला की ते लिहिलेलं असणार. आणि मी तिथे जाऊन उभा राहणार, हिला पुरायला. सगळं गाव बघत असणार. मी माझंच नाव वाचत उभा राहणार. तू कारकुनाची चूक म्हणालीस तेव्हा वाटलं, बरं झालं. एवढी शिकलेली बाई म्हणतेय की मुलगा एकच असतो."

माझा नवरा तोवर आमची गाडी घेऊन आला होता. त्यानं काच खाली केली, पण हॉर्न वाजवला नाही.

"माझ्या नवऱ्याच्या आधी दोघं गेले," मी म्हणाले. "त्यांची नावं कोणालाच माहीत नाहीत. त्याच्या आईशिवाय. ती गेली की खलास."

"तेच चांगलं."

"काय माहीत. हा अजून विचारतो. दर सुट्टीला विचारतो. ती सांगत नाही."

साहेबांनी गाडीचं दार उघडलं. "बहिणीला काय सांगू?" मी विचारलं, कारण याद्या मीच पाठवत होते.

"बघू. इंशाल्ला," ते म्हणाले.

आखातात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हा शब्द कसा ऐकायचा ते कळतं. थकलेल्या बिलाबद्दल विचारल्यावर लोक जसं म्हणतात, तसं ते म्हणाले होते. याचा अर्थ मफी, नाही.

पुढचे काही दिवस त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. चार वर्षांच्या मुलाचं नाव मात्र मी यादीत घातलं आणि तसं त्यांना सांगितलं. तो माझ्या चुकीनं गळाला होता. त्यावर ते नुसतं हं म्हणाले. दुसऱ्या नावाला हात लावायचा मला अधिकार नव्हता. मग एका सकाळी साहेब मीटिंगला गेलेले असताना त्यांचा टेबलावर विसरलेला फोन वाजायला लागला. वाजला, थांबला, परत वाजला. तिसऱ्यांदा मी उचलला. पडद्यावर बहीण होती, पाठीमागे दोन उशा, नाकाशी नळी.

"पोर कुठाय?"

"मीटिंगला गेलेत."

"तूच का ती हिशेबवाली?" तिनं मला नीट न्याहाळलं. "बरी दिसतेस. तो तुला आकडेमोड करणारी म्हातारी म्हणतो."

"मी त्यांच्यापेक्षा लहान आहे."

"ते कोणीही असतं." खोकला थांबायला वेळ लागला. "ऐक. त्याला सांग, मी भांडत नाही आता. त्याला नको असेल तर नको. पण मग दगडही नको. मी त्या पहिल्याशेजारी जाऊन निजणार आणि वर सगळ्यांची नावं आणि त्याचंच नाही, हे मला जमणार नाही. त्यापेक्षा गवत बरं. गवताखाली सगळे सारखे."

"तुम्हीच सांगा ना त्यांना."

"मी सांगितलं की तो हट्टाला पेटतो. लहानपणापासून. तो पहिला तसा नव्हता," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिनं नाकाची नळी सारखी केली. मग म्हणाली, "हे नको सांगूस."

मी बाकीचं सांगितलं, हे नाही. साहेब मीटिंगहून आले होते, हातात हेल्मेट. मी सांगत असताना ते उभेच होते. दगडच नको, गवत बरं, हे ऐकल्यावर बसले. खिडकीबाहेर एक ट्रेलर मागे येत होता, त्याचा भोंगा वाजत राहिला.

"असं म्हणाली ती? भांडत नाही म्हणाली?"

"हो."

"ती कधीच असं म्हणत नाही."

त्यांना काय कळलं ते मलाही कळलं. बहीण भांडायची थांबली, म्हणजे फार दिवस उरले नव्हते. त्यांनी माझ्या पडद्यावरची यादी आपल्याकडे फिरवून घेतली आणि जेमतेम दोन बोटांनी टंकत खालून तिसऱ्या ओळीत स्वतः ते नाव घातलं. पुढे लिहिलं, वय दोन वर्षं. मग परत माझ्याकडे फिरवून म्हणाले, "पाठव. लगेच."

पाथरवटानं आठवड्याभरात दगडाचं रेखाटन पाठवलं. राखाडी रंगावर पांढरी अक्षरं, दहा नावं. खाणकामगार, त्याची बायको, त्याची आई तिच्या माहेरच्या आडनावानं. चार वर्षांचा मुलगा. मग त्याच नावाचा तो आठ वर्षांचा, जो पुढे म्हातारा होऊन वारला आणि साहेबांचा पणजोबा ठरला. त्याच्याखाली पुढची माणसं, आणि पुन्हा तेच नाव, वय दोन वर्षं. पाथरवट व्यवस्थित माणूस असावा. त्यानं खाली विचारलं होतं की एकच नाव तीन ठिकाणी आलं आहे, नजरचूक तर नाही ना. कोरल्यावर बदलता येणार नाही.

"वाचून दाखव," साहेब म्हणाले. चष्मा त्यांच्या डोक्यावर होता.

"तुम्हीच वाचा ना."

"नाही. तू वाच. मोठ्यानं. मला ऐकायचंय."

मी वाचलं. माझ्या पुणेरी उच्चारांत ती नावं कधी कोणी ऐकली नसतील. पहिल्यांदा ते नाव आलं तेव्हा साहेब पेनशी चाळा करत होते. दुसऱ्यांदा आलं तेव्हा थांबले. तिसऱ्यांदा मी ते नाव वाचलं, वय दोन वर्षं, आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. उरलेली दोन नावं, आईबापांची, मी तेवढ्याच आवाजात वाचून टाकली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "त्याला लिही, चूक नाही. कोर म्हणावं."

दार उघडंच होतं. आमचा बिहारकडचा फोरमन गेट पासवर सही घ्यायला दारात येऊन थांबला होता आणि त्यानं ऐकलं होतं. त्याला इंग्रजी फारसं येत नाही, पण साहेबांचं नाव तर रोज ऐकतो, आणि पडद्यावरचा दगड कसला आहे तेही त्याला समजलं. तो घाबरलाच.

"साब, ये तो आपका नाम बोला मॅडमने. किसका पत्थर है?"

साहेबांनी त्याच्या हातातला पास घेतला, सही केली. तीस वर्षं आखातात काढून जेवढी हिंदी आली होती तेवढ्यात ते म्हणाले, "मेरा भाई का."

"आपका भाई था, साब?"

"था. बडा भाई."

फोरमन पास घेऊन गेला. मी पाथरवटाला दोन ओळी लिहिल्या. त्या पाठवेपर्यंत साहेबांनी बहिणीला फोन लावला होता, आणि या वेळी तो घेऊन ते बाहेर गेले.